डोंगर कुठे होता?

सोमवारी सकाळच्या स्टँडअपला मॅनेजरने विचारलं, "काय रे, वीकेंडला रेस होती ना तुझी? कशी झाली?" मी म्हटलं, "झाली." त्याला वाटलं, हा शेवटचा आला असणार. (शेवटचा नाही, एकविसावा आलो. शेहेचाळीस जणांत.) आता हरण्याचं म्हणाल तर त्याची मला सवय आहे, सायकलवर मी कधीच काही जिंकलेलो नाही. पण या वेळी डोक्याला जो शॉट बसलाय तो आठवडा होत आला तरी उतरत नाहीये. म्हणून आज शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन हे लिहायला बसलोय. चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो ट्रॉम्बेला, पायलीपाड्याजवळ. खिडकी उघडली की समोर डोंगर. चांगला तीनशे मीटर उंच, पावसाळ्यात हिरवागार, डोक्यावर ढग टेकलेला... आणि पायथ्याला कुंपण. कुंपणापलीकडे बीएआरसी. १९५६ साली इथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. तेव्हापासून हा डोंगर देशाच्या कामाला लागलाय, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. काही जागांना कुंपण असलंच पाहिजे. फक्त माझी अवस्था बघा. घरासमोर डोंगर, जिन्याखाली साखळी घालून बांधलेली बासष्ट हजारांची माउंटन बाइक, आणि सायकल चालवायला जायचं कुठे, तर मानखुर्दच्या फ्लायओव्हरवरून सायन-पनवेल हायवेला, कंटेनरच्या धुरात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथे एक पोरगा असतो. बारावीला आहे, कॉलेज सुटलं की दुकानात. (नाव लिहिलं तर चिडेल, म्हणून आपण त्याला पोरगाच म्हणू.) त्याची सायकल त्यानेच जोडलेली आहे. फ्रेम भंगारातली, पुढचा शॉकअप दुसऱ्या सायकलचा, मागे सहा गिअर, त्यातले चार पडतात. वजन अठरा किलोच्या आसपास. पण हा पोरगा त्या धुडावर बसून जेट्टीकडच्या खड्ड्यांतून, दगडांतून, पायऱ्यांवरून जे काही करतो ते माझ्या बासष्ट हजारांना सात जन्मांत जमणार नाही. मीच त्याला म्हटलं, "अरे, एक एमटीबी रेस आहे, कर्जतच्या बाजूला. येतोस?" एंट्री फी अठराशे. त्याने हजार साठवले होते, आठशे मी दिले. "उधार हां दादा," म्हणून त्याने दुकानाच्या वहीत माझ्या नावावर लिहूनही ठेवले.

रेसचं नाव घेत नाही, आयोजकांचंही नाही. कारण हे एकट्या त्यांचं प्रकरण नाही, पुढे कळेल.

तर शनिवारी दुपारी चारच्या आत बिब घ्यायलाच हवं, नाहीतर एंट्री रद्द, असा नियम. म्हणजे आख्खा शनिवार गेला. माझ्या जुन्या गाडीच्या टपावर दोन सायकली बांधून आम्ही पोचलो. मांडव होता, स्पीकर होता, सेल्फी काढायला मोठी फुलाफुलांची चौकट होती. पिशवी मिळाली. पिशवीत टी-शर्ट, एनर्जी बार, आणि चकचकीत कागदावर छापलेलं एक पत्रक: सह्याद्रीच्या कुशीत तुमचं स्वप्नातलं सेकंड होम. मी विचारलं, "ट्रॅक बघायचाय, कुठून सुरू होतो?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ट्रॅक उद्या सकाळी मार्क होईल." मी म्हटलं, "अरे, पण आज प्रॅक्टिस..." तो म्हणाला, "सर, संध्याकाळी झुंबा आहे."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. टेस्टिंग न करता रिलीज केलेलं आयुष्यात खूप बघितलंय, स्वतःही केलंय. पण त्यात फार तर सर्व्हर पडतो, माणूस पडत नाही.

रविवार. स्टार्ट साडेसहाचा. प्रमुख पाहुणे आले आठ वाजून पाच मिनिटांनी. तोवर आम्ही सगळे हेल्मेट घालून उन्हात उभे, आणि माइकवरचा माणूस दर दोन मिनिटांनी विचारतोय, "हाउ इज द जोश?" मग कळलं की उशीर झाल्यामुळे अठराखालचे, खुले आणि पस्तिशीवरचे हे तिन्ही गट एकत्र सोडणार. आमचा पोरगा अठराखालच्या गटात होता. त्याचा गटच गेला. महिलांच्या गटात आठजणी होत्या, त्यांचे पाच राउंड कमी करून दोन केले. त्यांच्यातली एक चांगलीच भांडली. तिला सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्हालाही मेडल मिळणार आहे ना!"

आणि आता ट्रॅक. वेबसाइटवर लिहिलं होतं सहा किलोमीटरचा राउंड. माझ्या जीपीएसवर भरला ५.४. त्यातले ३.१ किलोमीटर सिमेंटचा रस्ता. होय, सिमेंटचा! म्हणजे निम्म्याहून जास्त, सत्तावन्न टक्के. जागतिक सायकलिंग संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, माउंटन बाइक क्रॉसकंट्रीसाठी नियम असा आहे की एकूण मार्गात पक्का रस्ता पंधरा टक्क्यांच्या वर नको. आमच्याकडे तो बहुतेक उलटा वाचला गेला असावा. उरलेला ट्रॅक म्हणजे प्लॉटिंगसाठी जेसीबीने काढलेले मुरुमाचे रस्ते. दोन्ही बाजूंना नंबर घातलेले दगड. प्लॉट क्रमांक ४१, प्लॉट क्रमांक ४२. एका राउंडची एकूण चढाई अठ्ठावीस मीटर. तेवढ्यासाठी मला कर्जतपर्यंत जायची गरज नव्हती, मानखुर्दचा फ्लायओव्हर तीन-चार वेळा चढलो-उतरलो असतो की झालं असतं.

नकाशात एकच जागा खऱ्या अर्थाने माउंटन बाइकची होती. कोरड्या ओढ्यातून उतरणारी, दगडगोट्यांची, दोनेकशे मीटरची. पोरगा तिच्यावरच डोळा ठेवून आला होता. फोनवर तो नकाशा त्याने शंभरदा मोठा करून बघितला असेल. पहिल्या राउंडला तिथे पोचलो तर आडवी लाल-पांढरी पट्टी बांधलेली, आणि एक स्वयंसेवक हात करून सगळ्यांना सिमेंटच्या रस्त्यावर वळवतोय. नंतर कळलं, ती जागा वनखात्याची. परवानगी घेतली नव्हती. मागितलीच नव्हती! आदल्या रात्री कुणाच्यातरी लक्षात आलं म्हणे.

पहिला कोण आला माहीत आहे? ज्याच्या सायकलला रोडचे गुळगुळीत टायर होते तो. त्याच्यावर माझा राग नाही. जमीन त्याने आमच्यापेक्षा नीट ओळखली होती. पोरगा अकरावा आला. दोनदा चेन उतरली, सिमेंटवर सगळे भुर्र निघून गेले, तरी अकरावा. शर्यत संपल्यावर घाम पुसत, पाण्याची बाटली डोक्यावर ओतत त्याने मला अगदी साधेपणाने विचारलं, "दादा, यात डोंगर कुठे होता?"

मी काहीच बोललो नाही. मग त्याने गळ्यातलं मेडल उलटंसुलटं करून बघितलं आणि खो खो हसायला लागला. "हा काय, इथे आहे की!" मेडलवर डोंगर कोरलेला होता. तीन शिखरं, आणि वर बर्फ. कर्जत तालुक्यात बर्फ!

असो. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली असेल. सायकल, मॅरेथॉन, ट्रेक, जे काही तुम्ही वीकेंडला करता, त्यात असा एखादा रविवार तुमच्याही नशिबी आला असेल. आपण काय करतो? ग्रुपवर आयोजकांना यथेच्छ शिव्या घालतो, एकदोन जण ‘रिफंड द्या’ म्हणतात, आणि तीन महिन्यांनी पुढच्या रेसची ‘अर्ली बर्ड’ लिंक आली की पुन्हा पैसे भरतो. मी गेल्या तीन वर्षांत चार वेळा हेच केलंय. घरी खिळ्याला चार मेडलं लटकतायत, आता पाचवं.

म्हणून आयोजकांना शिव्या घालून मोकळं व्हायला मी तयार नाही. त्यांचं गणित सोपं आहे. सगळ्या गटांचे मिळून दोनशे बिब गेले असं धरा, अठराशेने गुणा, तीन लाख साठ हजार. वर प्लॉटवाल्यांची स्पॉन्सरशिप. आता यातून काय विकत घेता येतं? टी-शर्ट, मेडल, मांडव, स्पीकर, झुंबावाली ताई, ड्रोनवाला, टायमिंगची चिप. हे सगळं फोनवरून ऑर्डर देऊन आठ दिवसांत येतं. ट्रेल असा येत नाही. ट्रेलसाठी कुणीतरी सहा महिने आधी जाऊन जागा बघायला हवी, गावाशी बोलायला हवं, वनखात्याला अर्ज करायला हवा, आणि मग फावडं-कुदळ घेऊन वाट काढायला हवी. पावसाळा झाला की परत जाऊन ती दुरुस्त करायला हवी. ते कुणी करत नाही, कारण ते आपण मागत नाही. आपण विचारतो मेडल केवढं आहे, टी-शर्ट ड्रायफिट आहे का, फोटो कधी अपलोड होणार. राउंडमध्ये सिमेंट किती, हे दोनशेतल्या एकानेही पैसे भरण्याआधी विचारलं नाही. मीपण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: माउंटन बाइकिंगमध्ये आधी वाट असते, मग शर्यत. आपण शर्यतच आधी विकत घेतो आणि वाट कुणीच करत नाही.

हा खेळ सुरू कसा झाला बघा. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथली पोरं तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाडजूड, एका गिअरच्या सायकली ढकलत वर न्यायची आणि मातीच्या वाटेवरून खाली सोडायची. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा घड्याळ लावून शर्यत घेतली. त्या उताराला नाव पडलं ‘रीपॅक’, कारण खाली येईस्तोवर मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि दर वेळी नवीन भरावं लागायचं. त्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या माणसाने पुढे अशा वाटांसाठी खास फ्रेम बनवली, गॅरी फिशर आणि मंडळींनी ‘माउंटन बाइक’ हे नाव बाजारात नेलं. म्हणजे आधी डोंगर, मग भंगारातल्या सायकली, मग शर्यत आणि सगळ्यात शेवटी दुकान. (आमचा पोरगा त्यांच्यात सहज खपला असता.) आपण मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी दुकान, मग शर्यत, आणि डोंगर मेडलवर.

पुढचा भाग तर अजून महत्त्वाचा. लोक सायकली घेऊन डोंगरात घुसायला लागल्यावर पायी फिरणारे आणि घोडेवाले वैतागले, आणि एकेक वाट सायकलींना बंद व्हायला लागली. तेव्हा १९८८ मध्ये तिथल्या काही क्लबांनी एकत्र येऊन इम्बा नावाची संघटना काढली. तिने नुसतं ‘आमचा हक्क’ म्हणून ओरडा केला नाही. वाट कशी बांधायची, की जी पावसात टिकेल आणि सगळ्यांना चालेल, याचं एक शास्त्र बसवलं आणि लोकांच्या हातात फावडी दिली.

हे शास्त्र वाचायला लागलात तर कुठल्याही इंजिनियरला मजा येईल. उदाहरणार्थ ‘निम्म्याचा नियम’: डोंगराच्या उतारावरून आडवी जाणारी वाट काढताना वाटेचा चढ हा त्या उताराच्या निम्म्याहून कमी पाहिजे. म्हणजे उतार वीस टक्के असेल तर वाट दहा टक्क्यांच्या आत. का? कारण वाट उतारापेक्षा फार सौम्य असेल तर पावसाचं पाणी तिला आडवं ओलांडून खाली निघून जातं. वाट जास्त उभी केली की पाणी वाटेवरूनच धावायला लागतं, आणि एकदा पाण्याने वाट पकडली की दोन पावसाळ्यांत तिचा ओढा होतो. म्हणून वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल द्यायचा, आणि थोड्या थोड्या अंतरावर वाट जरा वर उचलून पुन्हा खाली न्यायची, की पाण्याला बाहेर पडावंच लागतं. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या पट्ट्यात हे तर हवंच हवं. आणि यात नवीन काही नाही हो. डोंगरउतारावर समपातळी चर खणणाऱ्या आपल्या कुठल्याही गावकऱ्याला पाणी कसं पळतं ते कळतं.

चर म्हटल्यावर आठवलं. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये गावंच्या गावं श्रमदानाला उतरली होती. २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला शहरांतले हजारो लोक महाश्रमदानाला गेले. माझ्या ओळखीची आयटीतली मंडळी त्यात होती, हाताला फोड घेऊन आली, आणि आजही त्याबद्दल अभिमानाने बोलतात. दुसरं उदाहरण आपल्या ट्रेकर लोकांचं. महाराष्ट्रात शनिवार-रविवारी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ काढणारी, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करणारी किती मंडळं आहेत! त्यांना कुणी मेडल देत नाही, टी-शर्टही स्वतःच्या पैशाने छापतात. म्हणजे ‘आपल्या लोकांना सवयच नाही’ हे कारण चालणार नाही. गडावर जाणाऱ्याला वाटतं, गड माझा आहे. आम्हा सायकलवाल्यांना मात्र वाटतं की आम्ही पैसे दिले की वाट आपोआप समोर यायला हवी, पिझ्झासारखी.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, मुंबईत जागा कुठे आहे? प्रश्न बरोबर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबटे राहतात, तिथे नवीन वाटा खणायचं मनातही आणू नये. आरेमध्ये आधीच झाडांवरून किती रामायण झालं ते आपण २०१९ पासून बघतोय. ट्रॉम्बेच्या डोंगराचं वर बोललोच. आणि सायकलच्या नावाने या शहरात जे झालं ते बघून रडावं की हसावं कळत नाही. बीकेसीत २०११ च्या सुमाराला सायकल ट्रॅक केला, त्यावर गाड्या पार्क व्हायला लागल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. पवई तलावाभोवती ट्रॅक करायला घेतला, तर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितलं. (आणि बरोबरच केलं. तलावात भराव घालून सायकल चालवायची हौस मला नाही.) दोन्हीकडे आधी घोषणा झाली, वाट कुठून, कुणासाठी आणि कुणाला विचारून, हे प्रश्न मागाहून आले. आमच्या रेसच्या त्या ओढ्यासारखंच.

वाट आधी केली तर काय होतं तेही याच राज्यात दिसलंय. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात ग्रँड टूर झाली, १९ ते २३ जानेवारी, ४३७ किलोमीटर. ती रोडची रेस, आपला खेळ नव्हे. पण तिच्यासाठी आधी रस्ते नीट केले गेले, मगच जगभरातले सायकलपटू आले. आणि जुनी मुंबई-पुणे शर्यत आठवा. तिच्यात बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. शर्यतीचा खरा जीव त्या घाटात. घाट वगळून ती शर्यत पनवेलच्या सपाटीवर घेतली असती तर राजा कुणाचा करायचा होता, प्लॉट क्रमांक ४१ चा?

आता जरा पॅरिसला जाऊ. २०२४ च्या ऑलिम्पिकची माउंटन बाइक शर्यत झाली एलांकूर नावाच्या टेकडीवर. उंची २३१ मीटर, आणि ती पॅरिस परिसरातली सगळ्यात उंच जागा. म्हणजे आमच्या ट्रॉम्बेच्या डोंगराहून बुटकी! टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, पस्तीस-चाळीस सेकंदांनी मागे पडला, तरी गडी शेवटच्या राउंडला पुढे सरकून सुवर्णपदक घेऊन गेला. ती शर्यत मी ऑफिसमध्ये कॉलवर असल्याचं नाटक करून बघितली होती. पण मला खरा धक्का बसला तो नंतर. ती टेकडी निसर्गाने केलेली नाही. जुन्या दगडाच्या खाणीवर राडारोडा, भराव टाकून टाकून ती उभी राहिली.

हे वाचलं तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघितलं. आमच्या घरापासून सायकलने थोड्याच मिनिटांवर देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. तिथेही टेकड्या झाल्यात. मी काही वेडा नाही, आज तिथे सायकल चालवा असं म्हणत नाही. २०१६ च्या जानेवारीतली आग आणि तो धूर आम्ही छातीत घेतलाय, आत काय काय जळतं ते आम्हाला माहीत आहे. पण आता त्या जागेचं नवीन काहीतरी ठरतंय. जमिनीचा मोठा भाग धारावीच्या पुनर्वसनासाठी ठरलाय, आणि जुना कचरा बायोमायनिंगने काढायचं काम पालिकेने २०२५ मध्ये हाती घेतलंय. म्हणजे नकाशे काढले जातायत. रस्ते आखले जातील, इमारती आखल्या जातील. मग एका कोपऱ्यात, जमीन सुरक्षित आहे असं शास्त्रीय तपासणीने ठरल्यावर, दोन एकर मातीची टेकडी आणि तिच्यावर एक वाट का आखली जाऊ नये? मागितली नाही तर नाहीच मिळणार, एवढं नक्की.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि तो मला स्वतःलाही टोचतो. एम-पूर्व वॉर्ड म्हणजे आमचा गोवंडी-मानखुर्द-ट्रॉम्बेचा पट्टा. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड शहरात सगळ्यात खाली होता. जिथे पाणी, दवाखाना, शाळा यांची मारामार, तिथे हा आयटीवाला सायकलची टेकडी मागतोय! खरंय. पण मग मला सांगा, मैदान कुणाला लागतं? मला नाही लागत हो. मी गाडीच्या टपावर सायकल बांधून कर्जतला जाऊ शकतो. अठराशे रुपये पाण्यात घालू शकतो. त्या पोराला ते वर्षातून एकदा जमलं, तेही वहीत उधारी लिहून. मातीची वाट हे जगातलं सगळ्यात स्वस्त मैदान आहे. तिला टर्फ लागत नाही, तासाला हजार रुपये भाडं लागत नाही, फ्लडलाइट लागत नाहीत. माती, उतार आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर चार माणसांची मेहनत, एवढंच लागतं. पाणी आणि दवाखाना आधी, हे मला मान्य आहे. पण ‘आधी ते होऊ दे’ म्हणत म्हणत इथल्या पोरांच्या वाट्याला पाणीही नाही आणि मैदानही नाही असंच होत आलंय.

तेव्हा आता मी काय करणार ते सांगतो. यापुढे कुठल्याही एमटीबी रेसला पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारणार. एक, ट्रॅकची जीपीएस फाइल रेसच्या निदान दोन आठवडे आधी मिळेल का, आणि त्यात पक्का रस्ता किती टक्के? दोन, जमीन कुणाची आणि परवानगी लेखी आहे का? तीन, एंट्री फीमधला किती भाग वाटेवर खर्च होणार? उत्तर नाही आलं तर पैसे नाहीत. तुम्हीही विचारा. दोनशे जणांनी विचारलं तर पुढच्या वर्षी झुंबा कमी होईल आणि दगड वाढतील.

दुसरं, रेसच्या जागी एक रविवार फावड्याचा. त्या ओढ्याजवळच्या गावात मी परत जाणार आहे. तिथे वनखात्याबरोबर काम करणारी गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे का, ते आधी बघायचं, त्यांच्याशी बोलायचं, रीतसर अर्ज करायचा. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, कदाचित ‘नाही’ म्हणतील. ‘नाही’ म्हणाले तर दुसरं गाव. परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही. आपण एकदा चोरून वाट काढली की आपल्यात आणि डोंगर कापून प्लॉट पाडणाऱ्यात फरक उरत नाही.

त्या प्लॉटिंगमागचा डोंगर मला राहून राहून आठवतोय. तो खराच होता हो! सिमेंटच्या रस्त्याच्या पलीकडे, जेसीबीने उभा कापलेला, आतली लाल माती उघडी पडलेली. पोराने विचारलं तेव्हा मी बोट दाखवून सांगू शकलो असतो, की तो बघ, तिथे होता. नाही सांगितलं. जीभच उचलली नाही.

परवा संध्याकाळी ऑफिसमधून येताना दुकानापाशी थांबलो. पोरगा मागचं चाक खोलून बसला होता, उरलेले दोन गिअर पडावेत म्हणून. मेडल दुकानात खिळ्याला टांगलंय, गिऱ्हाइकं विचारतात म्हणे. मी म्हटलं, "अरे, ते आठशे रुपये राहू दे. रेस कसली ती." तो म्हणाला, "नाही दादा, वहीत लिहिलंय ना, देणार." आणि मग चाक फिरवत, माझ्याकडे न बघताच, "पुढच्या वेळी डोंगर असेल तरच सांगा."

सांगेन, म्हटलं. फावडं कुठे चांगलं मिळतं, ते तेवढं कुणाला माहीत असेल तर मला कळवा.